त्रिमितीय यंत्रणेतील द्विमितीय जग : युनिटी गेम इंजिनच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकीय खेळांचा इतिहास सांगताना सर्वसाधारणपणे एक सरळ चढता क्रम मांडला जातो. प्रारंभी सपाट पडद्यावर डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकणारी चित्रे होती. पुढे यंत्रांची गणनक्षमता वाढली आणि चित्रांना खोली प्राप्त झाली. या मांडणीत द्विमितीय खेळ ही बाल्यावस्था व त्रिमितीय खेळ ही प्रौढावस्था ठरते. एक घटना मात्र या क्रमात बसत नाही. त्रिमितीय खेळांसाठी घडविण्यात आलेल्या 'युनिटी' या गेम इंजिनने आपल्या पहिल्या प्रकाशनानंतर आठ वर्षांनी, १२ नोव्हेंबर २०१३ रोजी, ४.३ या आवृत्तीत द्विमितीय खेळ तयार करण्याची अंतर्भूत सोय उपलब्ध करून दिली.

गेम इंजिन म्हणजे प्रत्येक खेळाला लागणारी सामाईक यंत्रणा. पडद्यावर चित्र रेखाटणे, वस्तूंच्या टकरीचे गणित करणे, ध्वनी वाजविणे, खेळाडूची आज्ञा स्वीकारणे इत्यादी कामे ती पार पाडते. खेळ रचणारा विकसक तिच्या आधारावर आपली कलाकृती उभी करतो. येथे स्वाभाविकपणे एक प्रश्न उपस्थित होतो. जी यंत्रणा लांबी, रुंदी आणि खोली या तिन्ही मिती हाताळू शकत होती, तिला केवळ दोन मिती हाताळण्यासाठी वेगळी सोय का करावी लागली? अधिकामध्ये अल्पाचा समावेश असतोच, असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासून पाहिले आहे. द्विमिती म्हणजे त्रिमितीतून एक मिती वजा केल्यावर उरणारी बाकी नव्हे. तिची स्वतःची व्यवस्था आहे आणि ती व्यवस्था इंजिनमध्ये नव्याने घडवावी लागली, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

१. द्विमिती यंत्राच्या घडणीत होती तो काळ

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीची टीएमएस ९९१८ ही चित्रचिप १९७९ च्या सुमारास आली. पार्श्वभूमीला धक्का न लावता तिच्यावरून स्वतंत्रपणे हलणाऱ्या लहान चित्राला 'स्प्राइट' ही संज्ञा रूढ होण्यात या चिपचा मोठा वाटा आहे. तिच्यात असे ३२ स्प्राइट ठेवता येत. परंतु पडद्याच्या एका आडव्या रेषेवर एका वेळी चारच दिसत. जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्रात ही संख्या अनुक्रमे ६४ व ८ इतकी होती. पडद्यावरील २५६ × २४० म्हणजे ६१,४४० बिंदू दर क्षणी एकेक करून रंगविणे त्या काळच्या प्रक्रियकाला शक्य नव्हते. म्हणून पार्श्वभूमी ८ × ८ बिंदूंच्या फरशांची आणि पात्रे स्प्राइटची, अशी विभागणी यंत्राच्या घडणीतच करण्यात आली होती.

या व्यवस्थेतील एक बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. दोन स्प्राइट एकमेकांवर आले, तर कोणता पुढे दिसावा? फॅमिकॉममध्ये याचे उत्तर अंतरावरून ठरत नसे. स्मृतीतील यादीत ज्याचा क्रमांक आधी तो पुढे. 'पुढे' आणि 'मागे' या गोष्टी तेथे मोजमापाने सिद्ध होत नव्हत्या. रचनाकार त्या ठरवीत असे. द्विमितीय चित्रव्यवस्थेचे मर्म या साध्या नियमात आहे.

२. स्वतंत्र स्थानाचा लोप

इ.स. १९९० नंतरच्या दशकात चित्र पालटले. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम' या खेळात खोलीचा आभास असलेल्या दालनांतून फिरता येत असे. तथापि त्यातील शत्रू सपाट स्प्राइटच होते. त्याच आयडी सॉफ्टवेअर संस्थेच्या जून १९९६ मधील 'क्वेक' या खेळात शत्रूंचे देहही बहुभुजांनी घडविलेले होते. दरम्यान नोव्हेंबर १९९४ मध्ये सेगा कंपनीचे 'सॅटर्न' हे यंत्र जपानमध्ये आले. त्याची एक चित्रचिप चौकोनी स्प्राइट ताणून, तिरके करून त्यांपासून त्रिमितीय आकार उभे करीत असे. म्हणजे द्विमितीय साधनांतून त्रिमिती निर्माण करण्याचा तो प्रयत्न होता. युनिटीची कथा याच्या नेमकी उलट आहे.

वैयक्तिक संगणकांच्या क्षेत्रात १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू हे कार्ड आले. ते केवळ त्रिमितीय चित्रे काढू शकत असे. नेहमीच्या कामासाठी संगणकात द्विमितीय चित्रांचे दुसरे कार्ड बसवावे लागे. त्या वेळी दोन्ही मितींची घरे अशी अक्षरशः वेगळी होती. मात्र नोव्हेंबर २००० मधील डायरेक्टएक्स ८ या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने द्विमितीय रेखाटनाचा 'डायरेक्टड्रॉ' हा भाग आणि त्रिमितीय रेखाटनाचा 'डायरेक्टथ्रीडी' हा भाग यांचे एकत्रीकरण केले. नव्या व्यवस्थेत सपाट चित्र दाखवायचे असले, तरी दोन त्रिकोण जोडून एक चौकोन करावयाचा आणि त्यावर ते चित्र कापडाप्रमाणे चढवावयाचे, ही रीत रूढ झाली. द्विमिती नष्ट झाली नाही; परंतु यंत्राच्या लेखी तिचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात येऊ लागले. त्रिमितीने द्विमिती सामावून घेतली आहे, हा समज या काळात दृढ झाला.

३. युनिटीचा उदय आणि अनपेक्षित वापरकर्ते

युनिटीची निर्मिती याच समजाच्या काळातील आहे. डेव्हिड हेल्गासन, निकोलस फ्रान्सिस आणि योआखिम आन्ते या तिघांनी २००४ मध्ये डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे एक छोटी संस्था स्थापन केली. त्यांचा 'गूबॉल' हा घरंगळणाऱ्या चेंडूचा त्रिमितीय खेळ २००५ मध्ये आला. खेळाला व्यापारी यश फारसे लाभले नाही. परंतु तो करताना घडविलेली साधने अधिक मोलाची आहेत, हे संस्थापकांच्या ध्यानी आले. जून २००५ मध्ये अ‍ॅपल कंपनीच्या विकसक परिषदेत युनिटीची पहिली आवृत्ती सादर झाली. लहान गटांना परवडेल असे त्रिमितीय इंजिन देणे, हे तिचे उद्दिष्ट होते.

पुढील काही वर्षांत तीन घटनांमुळे युनिटीचा वापरकर्ता वर्ग बदलला. पहिली घटना म्हणजे जुलै २००८ मध्ये आयफोनसाठी अ‍ॅप स्टोअर सुरू झाले आणि त्याच वर्षी युनिटीने आयफोनसाठी खेळ तयार करण्याची सोय दिली. लहान पडदा, बोटाचा स्पर्श आणि काही मिनिटांचा डाव यांना सपाट खेळ अधिक मानवले. फिनलंडच्या रोव्हिओ संस्थेचा डिसेंबर २००९ मधील 'अँग्री बर्ड्स' हा त्याचा सर्वपरिचित दाखला होय. दुसरी घटना म्हणजे ऑक्टोबर २००९ मध्ये युनिटीची प्राथमिक आवृत्ती विनामूल्य करण्यात आली आणि विद्यार्थी व हौशी विकसक तिच्याकडे वळले. तिसरी घटना फ्लॅशच्या ऱ्हासाची. आंतरजालावरील असंख्य द्विमितीय खेळ फ्लॅशवर चालत. परंतु आयफोनवर त्याला स्थान मिळाले नाही आणि अ‍ॅडोबी कंपनीने नोव्हेंबर २०११ मध्ये मोबाइलसाठीच्या फ्लॅश प्लेअरचा विकास थांबविण्याचे जाहीर केले. द्विमितीय खेळ रचणाऱ्यांना नवे घर शोधणे भाग पडले. कोकोस-टूडीसारखी निव्वळ द्विमितीय साधने उपलब्ध होती. परंतु एकाच प्रकल्पातून अनेक प्रकारच्या यंत्रांसाठी खेळ सिद्ध करण्याची युनिटीतील सोय अनेकांना अधिक आकर्षक वाटली.

अशा रीतीने त्रिमितीसाठी बांधलेल्या वास्तूत द्विमितीचे रहिवासी येऊन राहिले. या वास्तूत त्यांच्यासाठी दालन नव्हते.

४. तडजोडीचे पर्व

या रहिवाशांना कोणत्या अडचणी आल्या, हे पाहिले असता प्रस्तावनेत उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. वरवर पाहता उपाय सोपा होता. कॅमेऱ्याचे यथादर्शन काढून टाकावयाचे, म्हणजे दूरची वस्तू लहान दिसणार नाही. आणि सपाट चौकोनांवर चित्रे चढवून ते त्याच्यासमोर उभे करावयाचे. एवढ्याने पडद्यावरचे दृश्य सपाट होत असे. यंत्रणा मात्र आतून त्रिमितीयच राही. त्यातून चार प्रकारचे पेच निर्माण झाले.

पहिला पेच पुढे-मागे दिसण्याचा. त्रिमितीय इंजिन प्रत्येक बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर नोंदवून ठेवते आणि जवळच्या बिंदूमागचा दूरचा बिंदू झाकते. पात्राच्या चित्राभोवती मात्र चौकोनाचा पारदर्शक भाग असतो. त्या भागाचे अंतरही नोंदविले गेले, तर न दिसणारा कोपरा मागच्या झाडाला झाकून टाकतो. म्हणून पारदर्शक चित्रे मागून पुढे अशा क्रमाने रंगवावी लागतात. परंतु सर्व चित्रे एकाच प्रतलात असतील, तर त्यांची अंतरे समान ठरतात आणि क्रम अनिश्चित होतो. यावर तोडगा म्हणून विकसक प्रत्येक चित्र खोलीच्या अक्षावर किंचित पुढे-मागे सरकवीत. म्हणजे जो क्रम ठरविण्याचा विषय होता, तो अंतराच्या भाषेत भाषांतरित करून सांगावा लागे.

दुसरा पेच टकरीच्या गणिताचा. अवकाशातील घन वस्तूला सहा प्रकारे हालचाल करता येते : तीन अक्षांच्या दिशेने सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. प्रतलातील वस्तूला तीनच प्रकार उपलब्ध असतात : दोन दिशांना सरकणे आणि एका अक्षाभोवती फिरणे. त्यामुळे युनिटीतील त्रिमितीय भौतिकी वापरताना प्रत्येक वस्तूच्या तीन हालचाली बांधून ठेवाव्या लागत. त्यातील एखादे बंधन राहून गेले, तर धक्का लागताच पात्र प्रतलाबाहेर कलंडे आणि पडद्यावर विनाकारण अरुंद दिसू लागे. शिवाय सपाट चित्राला टकरीपुरती जाडी द्यावी लागे. जी जाडी खेळात कोठेच नव्हती, ती गणितात मात्र होती.

तिसरा पेच परिमाणाचा. त्रिमितीय जग मीटरसारख्या एककात मोजले जाते, तर चित्रकाराचे चित्र बिंदूंत. या दोहोंतील प्रमाण प्रत्येकाला स्वतः निश्चित करावे लागे आणि ते चुकल्यास रेखीव चित्र पुसट दिसे. चौथा पेच वेगाचा. प्रत्येक चित्र स्वतंत्र फाइलमध्ये असल्यास चित्रप्रक्रियकाला वारंवार नवी आज्ञा द्यावी लागते आणि मोबाइलवर खेळ अडखळतो. म्हणून अनेक चित्रे एका मोठ्या चित्रपटलावर जुळवून त्यातील हवा तेवढा तुकडा वापरावा लागे. ही जुळवणी हाताने करणे जिकिरीचे होते.

या पेचांवरील उपाय प्रथम वापरकर्त्यांनीच शोधले, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये युनिटीचे अ‍ॅसेट स्टोअर सुरू झाले. बाहेरच्या विकसकांनी रचलेली जोडसाधने तेथे विकत मिळू लागली. टूडी टूलकिट, ईएक्सटूडी यांसारख्या साधनांनी स्प्राइट, चित्रपटल आणि चित्रक्रम यांची व्यवस्था उभी केली. इंग्लंडमधील माइक बिथेल यांचा २०१२ मधील 'थॉमस वॉज अलोन' हा रंगीत आयतांचा खेळ युनिटीवरच रचलेला होता. म्हणजे अंतर्भूत सोय येण्यापूर्वीच युनिटी व्यवहारात द्विमितीय खेळांचेही इंजिन झाले होते. तिच्या निर्मात्यांची मान्यता तेवढी बाकी होती.

५. नोव्हेंबर २०१३ : मान्यता आणि पुनर्रचना

ऑगस्ट २०१३ मध्ये कॅनडातील व्हँकूवर येथे झालेल्या परिषदेत युनिटीने द्विमितीय साधने जाहीर केली आणि नोव्हेंबरमध्ये ती ४.३ या आवृत्तीत सर्वांच्या हाती आली. या साधनांचे स्वरूप पाहिले असता, वर नमूद केलेल्या प्रत्येक पेचाला एकेक उत्तर दिलेले आढळते.

पुढे-मागेच्या प्रश्नासाठी 'सॉर्टिंग लेयर' ही कल्पना आली. आकाश, डोंगर, पात्रे, धुके असे थर विकसकाने नावानिशी ठरवावेत आणि प्रत्येक थरात चित्रांना क्रमांक द्यावेत. हा क्रम अंतराच्या आधी विचारात घेतला जातो. फॅमिकॉमच्या यादीतील क्रमांकाने जे काम १९८३ मध्ये केले, ते तीस वर्षांनी एका त्रिमितीय इंजिनमध्ये नव्या नावाने परत आले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

टकरीच्या गणितासाठी युनिटीने आपली त्रिमितीय भौतिकी कापून लहान केली नाही. तिच्या शेजारी दुसरी यंत्रणा बसविली. ही यंत्रणा म्हणजे एरिन कॅटो यांनी रचलेली आणि २००७ मध्ये मुक्त स्वरूपात प्रसिद्ध झालेली बॉक्स-टूडी. 'अँग्री बर्ड्स'मधील कोसळणारे मनोरे तिच्यावरच उभे होते. युनिटीच्या एकाच दृश्यात तेव्हापासून दोन भौतिक जगे नांदू लागली आणि त्यांची परस्परांशी टक्कर होत नाही. द्विमितीय पेटी त्रिमितीय पेटीतून आरपार निघून जाते. द्विमिती हा त्रिमितीचा उपसंच आहे, या समजाला याहून स्पष्ट छेद देणारे उदाहरण सापडणे कठीण आहे. ज्यांच्या हाती तीन मितींचे गणित तयार होते, त्यांनाही दोन मितींसाठी वेगळे गणित आणावे लागले.

परिमाणाच्या प्रश्नासाठी चित्राचे १०० बिंदू म्हणजे एक एकक, असे बदलता येण्याजोगे प्रमाण पूर्वनियोजित करण्यात आले. चित्रपटलाचे तुकडे आपोआप पाडणारा स्प्राइट एडिटर आला. तसेच चित्राच्या अपारदर्शक भागाचा काठ ओळखून टकरीची आकृती काढण्याची सोयही आली. चित्रे एकत्र जुळविणारा स्प्राइट पॅकर मात्र प्रारंभी सशुल्क प्रो आवृत्तीपुरता मर्यादित होता.

तथापि या सोयींनी युनिटीचे मूळ स्वरूप पालटले नाही, हेही नमूद केले पाहिजे. स्प्राइटच्या स्थानाला तीन अंक राहिलेच आणि तो अखेरीस त्रिकोणांवर चढविलेले चित्रच राहिला. कित्येकांनी या मर्यादेचा लाभ करून घेतला. ऑस्ट्रेलियातील टीम चेरी या लहान गटाच्या फेब्रुवारी २०१७ मधील 'हॉलो नाइट' या खेळात हाताने काढलेली सपाट चित्रे त्रिमितीय अवकाशात वेगवेगळ्या अंतरांवर मांडून खोली साधलेली आहे. अवशिष्ट राहिलेली तिसरी मिती येथे अडगळ न होता साधन झाली. विशेष म्हणजे या खेळासाठी टूडी टूलकिट हे जोडसाधनही वापरले गेले होते. अंतर्भूत सोय आली म्हणून जुनी साधने तत्काळ कालबाह्य झाली नाहीत.

फरशांची पार्श्वभूमी रचण्याचे 'टाइलमॅप' हे साधन युनिटीत २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आले. फॅमिकॉममध्ये जी गोष्ट यंत्राच्या घडणीतच होती, ती सर्वांत शेवटी परतली, हा योगायोग मार्मिक आहे.

६. दुसरा मार्ग आणि अवलंबित्वाचा प्रश्न

याच सुमारास इतरांनीही या प्रश्नाला उत्तरे दिली. एपिक कंपनीच्या अनरियल इंजिन ४ मध्ये २०१४ साली 'पेपर टूडी' हे साधन प्रायोगिक स्वरूपात आले. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मानसूर यांच्या 'गोडो' या इंजिनची संहिता फेब्रुवारी २०१४ मध्ये मुक्त करण्यात आली. गोडोमध्ये द्विमितीसाठी स्वतंत्र यंत्रणा असून तिचे एकक बिंदू हेच आहे. त्रिमितीय जगाच्या पोटात ती ठेवलेली नाही. युनिटीने घराला दालन जोडले, तर गोडोने शेजारी दुसरे घर बांधले, असा हा भेद सांगता येईल.

हा भेद केवळ तांत्रिक राहिला नाही. सोय अंतर्भूत होते, तेव्हा वापरकर्त्याचे श्रम वाचतात; त्याचबरोबर त्याचे अवलंबित्वही वाढते. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने खेळाच्या प्रत्येक स्थापनेवर शुल्क आकारण्याची योजना जाहीर केली, तेव्हा या अवलंबित्वाची जाणीव विकसकांना तीव्रतेने झाली. 'टेरारिया' या द्विमितीय खेळाच्या निर्मात्या री-लॉजिक संस्थेने त्याच महिन्यात निषेध नोंदवून गोडो आणि एफएनए या दोन मुक्त प्रकल्पांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. युनिटीने ही योजना सप्टेंबर २०२४ मध्ये खेळांपुरती रद्द केली. तरीही ज्या लहान विकसकांच्या गरजेतून अंतर्भूत सोय जन्माला आली, त्यांचे त्या सोयीच्या अटींवर मात्र नियंत्रण नव्हते, हे या प्रसंगातून स्पष्ट झाले.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, द्विमितीय खेळांना त्रिमितीय इंजिनमध्ये स्थान मिळण्यासाठी काही वजा करून भागले नाही. क्रम, भौतिकी आणि परिमाण यांच्या वेगळ्या व्यवस्था नव्याने घालाव्या लागल्या. त्रिमितीत पुढे-मागे असणे ही मोजण्याची गोष्ट आहे, तर द्विमितीत ती ठरविण्याची गोष्ट आहे. या दोन भिन्न रचनापद्धती आहेत. एक दुसरीची कनिष्ठ पायरी नव्हे.

दुसरा निष्कर्ष इतिहासलेखनाविषयी आहे. इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास नवनिर्मितीच्या नव्हे, तर वापराच्या अंगाने लिहावा, असा आग्रह धरला आहे. आवृत्त्यांच्या अधिकृत नोंदीवरून पाहिल्यास युनिटीतील द्विमितीचा आरंभ नोव्हेंबर २०१३ मध्ये होतो. वापराच्या अंगाने पाहिल्यास तो त्यापूर्वी कित्येक वर्षे झालेला असतो आणि त्याचे श्रेय जोडसाधने रचणाऱ्या, चित्रे किंचित पुढे-मागे सरकवीत बसणाऱ्या विकसकांकडे जाते. अधिकृत नोंद मान्यतेची तारीख देते, आरंभाची नव्हे.

तिसरा निष्कर्ष अध्यापकांच्या कामाशी निगडित आहे. तंत्रज्ञान शिकविताना जुने मागे पडले आणि नवे आले, अशी मांडणी सोयीची असते. परंतु तिच्यामुळे जुन्यातील टिकाऊ विचार विद्यार्थ्यांच्या दृष्टीआड होतो. १९८३ मधील एका यंत्राच्या यादीतील क्रमांक समजून घेतलेल्या विद्यार्थ्याला २०१३ मधील सॉर्टिंग लेयर वेगळा शिकवावा लागत नाही. इतिहासाचा अभ्यास तंत्रशिक्षणात शोभेपुरता नसावा, याचे यापेक्षा व्यावहारिक कारण क्वचितच सांगता येईल.